सल्ला : आईने गोळ्या सोडल्या, डॉक्टर चिडले आणि मी मधे अडकले

(पत्र चार पानी आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात, नोकरी करतात. आई ६७ वर्षांची, त्यांच्याकडेच असते. आईला १४ वर्षं डायबेटीस आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि बीपीची एक अशा गोळ्या. डॉक्टर वर्तकनगरचे, हे कुटुंब तिथे म्हाडाच्या बिल्डिंगीत राहायचं तेव्हापासूनचे, २२ वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईची एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.१ वरून ९.४ वर गेली. रिपोर्ट दाखवायच्या आदल्या रात्री ताईंना कपाटात साड्यांखाली मेटफॉर्मिन आणि स्टॅटिनच्या चार महिन्यांच्या न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या, सोबत २४०० रुपयांचा पावडरचा डबा, एका व्हिडिओखालच्या लिंकवरून मागवलेला. तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट बघून अजून एक गोळी लिहायला लागले तेव्हा मात्र राहवलं नाही. "डॉक्टर, हिने गोळ्याच बंद केल्यात मोबाईल बघून, तुम्हीच सांगा आता हिला." आई म्हणाली, त्यात सांगतात या गोळ्यांनी किडनी जाते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, "मग मोबाईललाच दाखवा ना, इथे कशाला आलात?" दार अर्धं उघडं, बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आई रडत बाहेर आली. आता ती त्या दवाखान्यात पाय ठेवायला तयार नाही, बीपीची सोडून गोळ्या घेत नाही, पावडर चालूच. ऐरोलीचा भाऊ म्हणतो गोळ्या कुटून वरणात घाल. नवरा म्हणतो डॉक्टर बदल. ताईंना वाटतं स्मार्टफोन काढून घ्यावा आणि साधा बटणांचा फोन द्यावा. कोणाचं बरोबर, असं विचारलंय.

ताई,

सगळ्यात आधी वरणाचं. ते आजच डोक्यातून काढा आणि भावालाही फोन करून सांगा. मेटफॉर्मिन बऱ्याच जणांना हळूहळू विरघळणारी दिलेली असते, स्ट्रिपवर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असं काहीतरी छापलेलं असतं बघा, ती कुटली की दिवसभरात थोडं थोडं सुटायचं औषध एकदम पोटात जातं. त्यात ती पावडर चालू, वरण किती खाल्लं त्यावर डोस, म्हणजे नक्की किती औषध गेलं ते देवालाच माहीत. आणि एक दिवस तिला वरण कडू लागेल. मग ती तुमच्या हातचं जेवणसुद्धा शंकेने खाईल आणि तिची शंका खरी असेल.

आणि दुसरं तातडीचं, हे सगळ्याच वाचणाऱ्यांसाठी. गोळ्या बंद असताना खूप तहान लागायला लागली, सारखी लघवी, उलट्या, पोटात दुखणं, गुंगी, श्वास जोरात चालणं असं काही दिसलं तर रुसवेफुगवे बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टीत न्यायचं. उलट दरदरून घाम, थरथर, एकदम बावरल्यासारखं झालं तर साखर खाली गेलेली असू शकते, ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच बघा, नसेल तर शोधत बसू नका, शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्या. गोळ्या बंद आहेत मग शुगर कशी काय खाली जाईल? तर पावडरीमुळे. "आयुर्वेदिक", "हर्बल" म्हणून विकलेल्या शुगरच्या पावडरींमध्ये ॲलोपथीचीच शुगर उतरवणारी औषधं न सांगता मिसळलेली सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. तुमच्या डब्यात तसं आहे असं मी म्हणत नाहीये, पण नाहीये असं तुम्हीही म्हणू शकत नाही. डबा फेकू नका. लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर अडखळले. तिथे तुम्ही कंसात लिहिलंय, "तिच्या पायाला मुंग्या येतात, दोन वर्षं म्हणतेय, डॉक्टरांना सांगितलं होतं, ते म्हणाले वयानुसार होतं." कंस पूर्ण, पुढे परत फोनचा विषय. आणि शेवटच्या पानावर दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात लिहिलंय की आईने पहिला व्हिडिओ बघितला तो "पायाला मुंग्या येण्याचं खरं कारण" असा काहीतरी होता.

या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा ना. तुम्ही म्हणताय आई मोबाईलच्या नादी लागली. मला दिसतेय ती दोन वर्षं एक प्रश्न घेऊन फिरणारी बाई. तिने तो घरी विचारला, दवाखान्यात विचारला, आणि "वयानुसार" हे उत्तर मिळाल्यावर, जे खरं तर उत्तर नाहीच, प्रश्न मिटवायची पद्धत आहे, तिने तो मोबाईलला विचारला. मोबाईलने चाळीस मिनिटं दिली. मराठीत, "माऊली" म्हणून हाक मारत. माळकरी बाई आहे तुमची आई, तिला किती बरं वाटलं असेल! उत्तर चुकीचं होतं, औषध विकायला बसलेल्या माणसाचं होतं, ते सगळं मान्य. पण प्रश्न खोटा नव्हता.

आणि गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की काही जणांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. हे काही व्हिडिओवाल्याचं गुपित नाहीये, डॉक्टरी पुस्तकातलं आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळवलं होतं की मेटफॉर्मिनवरच्या पेशंटमध्ये बी-१२ कमी असल्याची लक्षणं दिसली तर तपासणी करा. त्यात तुमची आई शाकाहारी, आणि आपल्याकडच्या शाकाहारी लोकांत बी-१२ तसंही बऱ्याचदा कमीच. कमी बी-१२ मुळे पायाला मुंग्या येऊ शकतात. डायबेटीसने नसांवर परिणाम होऊनही येऊ शकतात, आणि तसं असेल तर गोळ्या सोडून शुगर ९.४ ची लेव्हल गाठल्यावर ते वाढणार. मी डॉक्टर नाही, यातलं कुठलं कारण ते मला सांगता येणार नाही आणि मी सांगूही नये. पण विचारायचा प्रश्न आहे हा, आणि दोन वर्षांत तो नीट विचारला गेला नाही.

म्हणजे डॉक्टर चुकले का? त्या एका वाक्यात चुकले असं मला वाटतं, आणि पेन खाली ठेवून जे बोलले त्यात तर नक्कीच. अर्ध्या उघड्या दारातून ६७ वर्षांच्या बाईला असं बोलायचं नसतं. पण त्यांच्या खुर्चीतून पण जरा बघू. २०१७ मध्ये बीएमजे ओपन नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात ६७ देशांतल्या आकडेवारीचा एक अभ्यास आला होता, डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण बांगलादेशच्या बाजूला, जेमतेम दोन-अडीच मिनिटं. वर्तकनगरच्या दवाखान्यात संध्याकाळी काय गर्दी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या दोन मिनिटांत एक जण हळदीचा व्हिडिओ दाखवतो, दुसऱ्याला लस नको असते, तिसरा रिपोर्ट आधीच कुठल्यातरी ॲपला विचारून आलेला असतो आणि फक्त सही मारा म्हणतो. दिवसातून वीसदा "पण मी असं ऐकलं की" ऐकल्यावर एकविसाव्या वेळी माणूस फुटतो, आणि एकविसावी तुमची आई होती. वर २२ वर्षांचं नातं. अनोळखी पेशंटवर ते बहुतेक इतके चिडले नसते, त्याला शांतपणे दोन वाक्यं सांगून पुढचा पेशंट बोलावला असता. मला वाटतं त्यांना लागलं ते.

आता तुमच्याकडे येते, रागावू नका. "तुम्हीच सांगा आता हिला." हे वाक्य मला सारखं टोचतंय. आदल्या रात्री स्ट्रिप्स सापडल्या तेव्हा तुम्ही गप्प बसलात, मला कळतं का, दमून आला असाल, रात्री कोणाला भांडण हवं असतं. पण मग ते सगळं आईला न विचारता, तिच्यासमोर, डॉक्टरांच्या टेबलावर ओतलंत. तुम्हाला तिथे डॉक्टर नको होते, पंच हवे होते. पंचांनी निकाल दिला आणि आई हरली, आता हरलेलं माणूस परत त्या कोर्टात कशाला जाईल? हे फक्त तुमचं नाही हो, आमच्या पिढीच्या सगळ्या मुलींचं आणि मुलांचं आहे, आपण आईवडिलांना दवाखान्यात नेतो आणि आत गेल्यावर आपणच बोलतो. "ती ना, नीट झोपत नाही." "ते ना, गोड खातात गुपचूप." पेशंट शेजारी बसलेला, शाळेत तक्रार आलेल्या मुलासारखा.

आणि तरी तुम्ही बोललात ते एका अर्थी बरंच झालं, तेही सांगते. डॉक्टर नवीन गोळी लिहीत होते ना? त्यांच्या समजुतीप्रमाणे मेटफॉर्मिन चालू असूनही शुगर ९.४, म्हणजे औषध कमी पडतंय, म्हणजे वाढवा. अगदी बरोबर हिशोब, फक्त त्यातली पहिलीच माहिती चुकीची. समजा ती चिठ्ठी घरी आली असती, आणि महिन्याने आईला पश्चात्ताप होऊन तिने जुन्या नव्या सगळ्या एकदम सुरू केल्या असत्या, वर पावडर. शुगर कुठे जाऊन बसली असती? म्हणून मला व्हिडिओ बघण्याची तेवढी भीती वाटत नाही. तो बघून जे केलं ते डॉक्टरांपासून लपवलं जातं, त्याची वाटते. आणि माणूस लपवतो कधी, तर सांगितल्यावर ओरडा बसणार याची खात्री असते तेव्हा.

माझा स्वतःचा किस्सा सांगते, जरा लाज वाटते पण चालेल. एप्रिल २०२१, दुसरी लाट, आठवतंय ना ते वातावरण. कापूर, ओवा, लवंग पुरचुंडीत बांधा आणि वास घ्या, ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज आला. वर दोन बाण, म्हणजे हजार हातांतून आलेला. आणि मी, नौपाड्यातली स्वतःला शहाणी समजणारी बाई, तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आमचे फॅमिली डॉक्टर त्याच ग्रुपवर. त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. रात्री साडेदहाला फोन आला, "ताई, वास घेऊन बरं वाटत असेल तर घ्या, कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला की पुरचुंडी ठेवायची आणि मला फोन करायचा, एवढं मला कबूल करा, आणि जमलं तर ग्रुपवर पण टाका." मी टाकलं. त्यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं असतं तर मी काय केलं असतं? मी ओळखते मला, पुढचे चार दिवस कापराच्या बाजूने पुरावे शोधले असते.

म्हणून आईशी त्या व्हिडिओवरून वाद घालू नका. त्यात सगळंच खोटं असतं तर सोपं होतं, पण हे लोक अर्धं खरं सांगतात. "डायबेटीस रिव्हर्स होतो" घ्या. काही जणांचा होतो! ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची एक मोठी चाचणी झाली, २०१७ च्या शेवटी लॅन्सेटमध्ये छापून आली. दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीचा आहार, भरपूर वजन उतरवलं, आणि वर्षाने ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय डायबेटीसच्या रेषेखाली होते. गोळ्या त्यातही बंद केल्या होत्या, पहिल्याच दिवशी. पण ती माणसं ६५ च्या आतली होती, डायबेटीस लागून सहा वर्षांच्या आतली, आणि त्यांच्यावर दवाखान्यातल्या माणसांची सतत नजर होती. तुमच्या आईचं चौदावं वर्ष चालू आहे आणि तिच्यावर नजर कोणाची, तर पावडरच्या डब्याची. आपल्याकडेही दीक्षित (दोनदाच जेवा) की दिवेकर (थोडं थोडं सारखं खा) यावरून घराघरात गट पडले होतेच, माझ्या माहेरी तर जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष होते, पण त्यातल्या कोणी गोळ्या साड्यांखाली ठेवल्या नव्हत्या. तेव्हा "हे सगळं थोतांड आहे" असं आईला म्हणालात तर ती म्हणेल तुला काय कळतं, आणि थोडीशी बरोबरही असेल.

किडनीचं मात्र सरळ उलटं आहे आणि ते तिला समजावून सांगण्यासारखं आहे. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी खराब करत नाही. पण किडनी दुसऱ्या कारणाने कमजोर झाली की ते अंगात साठू नये म्हणून डॉक्टर डोस कमी करतात, फारच कमजोर असेल तर बंद करतात. आता बघणाऱ्याला काय दिसतं? शेजारच्या काकांची किडनी गेली आणि डॉक्टरांनी पहिली ती गोळी बंद केली, म्हणजे गोळीनेच गेली. किडनी मुख्यतः जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. तुम्ही एक करा, घरात रिपोर्टांची पिशवी असेलच, सगळ्यांकडे असते, त्यातून गेल्या सात-आठ वर्षांचे क्रिएटिनिनचे (किडनी कशी चालतेय त्याचा अंदाज देणारे) आकडे काढा आणि आईला स्वतःच्या हाताने एका कागदावर तारखेसकट लिहायला सांगा. गोळीने किडनी जात असती तर तो आकडा वर वर गेलेला दिसला पाहिजे. काय दिसतं ते तिलाच बघू दे. वर गेलेला दिसला तरी घाबरू नका, तो कागद दवाखान्यात न्यायचाच आहे.

स्टॅटिनने पाय दुखतात असंही ती म्हणते, तुम्ही लिहिलंय की "व्हिडिओ बघितल्यावर दुखायला लागले, आधी काही नव्हतं, सगळं मनाचं आहे." हे "मनाचं आहे" तिला म्हणाला नसाल अशी आशा आहे. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू खरंच दुखतात. आणि लंडनला झालेल्या सॅमसन नावाच्या अभ्यासात, २०२० चा, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं, कुठल्या बाटलीत खरी कुठल्या नकली हे न सांगता. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही झाला! म्हणजे त्रास बऱ्याच अंशी गोळी घेतोय या धास्तीचा होता, पण दुखलं ते खरंच दुखलं, नाटक नव्हतं कोणाचं. हे आकडे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केलं. असं सांगायला दोन मिनिटं पुरत नाहीत हो.

अजून एक गोष्ट आई म्हणते, "डॉक्टरांना कमिशन असतं." यावर तुम्ही लिहिलंय की तुम्हाला शरम वाटली. शरम कशाला? कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं) हा शब्द काही तिने शोधला नाही, २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा करायला घेतला होता. संशय हवेतून आलेला नाही. तिला एवढंच विचारा की मग व्हिडिओखाली ती लिंक कसली होती. मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे, बाजारातल्या स्वस्त गोळ्यांपैकी एक, त्यावर कोण किती कमवणार. (आणि तिला झाडपाल्याचं प्रेम असेल तर हेही सांगा, मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका झाडाच्या अभ्यासातून आलंय. पण हे जिंकायला नका वापरू, गप्पांत आलं तर.)

फोन काढून घेऊ नका. त्यात तिचा हरिपाठ आहे, भजनी मंडळाचा ग्रुप आहे, नातवाचा व्हिडिओ कॉल आहे. फोन गेला तर व्हिडिओ शेजारणीच्या फोनवर बघेल आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यापेक्षा एकदा तिच्याशेजारी बसून तोच व्हिडिओ पूर्ण बघा, मधे न बोलता, कठीण आहे पण बघा. मग विचारा, हा माणूस कोण, शिकला काय, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर कुठे दिसतोय का. आता तर नामांकित डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज एआयने चिकटवून औषधं विकतात, तेव्हा नुसता चेहरा बघूनही भागत नाही. पण सगळ्यात सोपी खूण मी सांगते, जो म्हणतो "हे तुमच्या डॉक्टरांना सांगू नका, ते ऐकणार नाहीत", तो बंद करायचा. बरोबर असलेल्या माणसाला तुमच्या डॉक्टरांची भीती कशाला वाटेल? बाकी एक बघितला की तसलेच दहा पुढे येतात हे कसं होतं ते तिला दाखवा, "नको" कुठे दाबायचं ते तिच्याच बोटाने दाबून घ्या.

डॉक्टर बदलायचं म्हणाल तर आत्ता नाही, असं माझं मत. नवीन हॉस्पिटलात नवीन डॉक्टर, त्यांना १४ वर्षांतलं काही माहीत नाही, आणि आई तिथेही लपवेलच, उलट जास्त सहज लपवेल. मात्र १४ वर्षांच्या डायबेटीसला एकदा स्पेशालिस्टला दाखवणं, डोळ्यांचे पडदे तपासणं, पायांची तपासणी, हे व्हायलाच हवं, झालं नसेल तर. ते जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने करा, त्यांना टाळून नको.

मग परत जायचं कसं? आधी आईची माफी. छोटीशी, "मी तुला न विचारता सगळ्यांसमोर बोलले, चुकलंच माझं", आणि पुढे "पण" लावायचा नाही. पण लावलात की माफी गेली. मग तिला विचारून, तिच्यापासून चोरून नाही, डॉक्टरांना दुपारी फोन करा, ओपीडी नसते तेव्हा. त्यांना तीन गोष्टी सांगा : आईला तुमचं बोलणं लागलंय, तिच्या पायाच्या मुंग्यांचं कोणी ऐकलं नाही असं तिला वाटतं, आणि आम्हाला गर्दी नसताना पंधरा मिनिटं हवीत, फी वेगळी घ्या. लाजू नका फीचं बोलायला, वेळ हीच त्यांच्याकडची सगळ्यात महाग गोष्ट आहे. जमलं तर म्हणा, तुम्हीच आईला एक फोन कराल का. बाबा गेले त्या रात्री घरी आलेला माणूस आहे तो, तुम्हीच लिहिलंय. मला वाटतं करेल. नाही केला, किंवा परत तेच बोलला, तर मग नवऱ्याचं ऐका आणि मनात काही न ठेवता डॉक्टर बदला.

आणि त्या दिवशी आत आई एकटी जाईल. तुम्ही बाहेर कंपाउंडरच्या बाजूला बसा. तिच्या हातात तिच्याच अक्षरातला कागद, वर क्रिएटिनिनचे आकडे, खाली प्रश्न. मुंग्या कशामुळे, बी-१२ तपासायचं का. स्टॅटिन बदलून किंवा कमी डोसने चालेल का. बंद केलेल्या गोळ्या परत कशा सुरू करायच्या, कारण चार महिन्यांनी स्वतःच्या मनाने पूर्वीच्या डोसने सुरू करणं बरं नव्हे, पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की परत "बघ, मी म्हणत होते" सुरू. वजन, खाणं सुधारलं तर पुढे गोळी कमी होऊ शकेल का, हेही तिने विचारू दे, तिची इच्छा चुकीची नाहीये. आणि पिशवीत तो डबा. लेबलसकट टेबलावर ठेवायचा, "हे चार महिने घेतेय" म्हणून. ही पावडर विकणाऱ्यांचं काय करायचं असंही तुम्ही विचारलंय, तर डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, लिंकचा स्क्रीनशॉट आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण ते नंतर. आधी आई दवाखान्याच्या पायऱ्या चढू दे.

हे सदर काही डॉक्टरही वाचतात, मला मेसेज येतात त्यांचे. त्यांना एकच विनंती, "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारलं की पेशंट "हो" म्हणतो, तो प्रश्नच "हो" म्हणण्यासाठी असतो. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली? आणि अजून काय काय घेताय, पावडर, काढा, कोणी सांगितलेलं?" असं विचारून बघा, आवाज न चढवता. डबे बाहेर येतील.

ताई, आईला मी सांगितलंय म्हणून सांगा की दोन वर्षं मुंग्या येतायत हे कंसात लिहिण्यासारखं नव्हतं. बी-१२ चा रिपोर्ट आला की मला नक्की कळवा.